हिरवेच पिकणारे भेदरे

घुग्घुसच्या आठवडी बाजारात हिरवा टमाटर म्हणजे कच्चा टमाटर. तो चटणीसाठी घ्यायचा. लसूण, हिरवी मिरची आणि शेंगदाणे किंवा तीळ यांच्यासोबत तो तव्यावर परतायचा, वाटायचा, वरून सांबार घालायचा (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) आणि भाकरीबरोबर खायचा. पिकलेला टमाटर लाल असतो. यापलीकडे टमाटराच्या रंगाचा विचार करण्याची गरज बाजाराला पडत नाही. मात्र पूर्ण पिकल्यावरही हिरवाच राहणारा टमाटर जगात आहे. त्याचे बोराएवढ्या फळाचे, घोसाने लागणारे प्रकारही आहेत. असा एक प्रकार गेली चार वर्षे मी परसात लावतो आहे.

त्याच्या फळांतले बी धरून पुढच्या वर्षी लावले, तेव्हा सगळी झाडे सारखी निघाली नाहीत. बहुतेकांची फळे हिरवीच पिकली, पण त्यांतही काहींवर मधासारखी पिवळट झाक आली आणि काही शेवटपर्यंत नितळ हिरवी राहिली. एकाचे फळ लिंबोणीएवढे, तर दुसऱ्याचे सुपारीएवढे. दोन झाडांना तर चक्क लाल फळे लागली. अशा वेळी आपल्याकडे ‘बी बिघडलं’ असे म्हणतात आणि ती झाडे उपटून टाकतात. माझे म्हणणे असे की, हे बिघडणे वाचता येते. कोणत्या फुलावर कुठला पराग पडला, आजी-पणजीकडून काय आले, हे सगळे त्या झाडाच्या फळावर लिहिलेले असते. हिरव्या पिकणाऱ्या टमाटरात ते जितके स्वच्छ वाचता येते, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या भाजीत वाचता येत असेल. आणि हे वाचन किती दूर नेऊ शकते, याचे उदाहरण आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे.

रंग जातो कसा, येतो कसा

कच्च्या फळाचा हिरवेपणा हा पानाच्या हिरवेपणासारखाच हरितद्रव्याचा असतो. फळ पिकू लागले की त्याच्या पेशींत दोन कामे एकाच सुमारास सुरू होतात. एक मोडण्याचे: साठलेले हरितद्रव्य तोडून संपवायचे. दुसरे घडवण्याचे: लायकोपीन नावाचे लाल रंगद्रव्य तयार करायचे. घर रंगवणारा आधी जुना रंग खरवडतो आणि मग नवा चढवतो, तसेच हे आहे. फक्त इथे खरवडणारा कारागीर वेगळा आणि रंगवणारा वेगळा. प्रत्येकाची सूत्रे वेगळ्या जनुकाच्या हातात असतात, आणि ते दोन जनुक वेगवेगळ्या गुणसूत्रांवर बसलेले असतात.

आता चार शक्यता होतात. दोघेही कामावर असले तर फळ लाल होते. खरवडणारा गैरहजर आणि रंगवणारा हजर असला तर हिरव्यावर लाल चढते, आणि फळ तपकिरी-जांभळे दिसते. शहरांतल्या दुकानांत ‘काळा टमाटर’ म्हणून मिळतो, तो हाच. रंगवणारा गैरहजर पण खरवडणारा हजर असला तर हिरवे निघून जाते, लाल येत नाही, आणि फळ पिवळे होते. दोघेही गैरहजर असले तर फळ मऊ होते, गोड होते, त्याला वास सुटतो, पण रंग हिरवाच राहतो.

यावर साल हा तिसरा थर असतो. टमाटराची साल काढून उजेडासमोर धरली तर ती पिवळसर तरी दिसते किंवा पाण्यासारखी पारदर्शक तरी. लाल गरावर पिवळसर साल असली की फळ शेंदरी-लाल दिसते, पारदर्शक असली की गुलाबी. हिरव्या गरावर पिवळसर साल पिकताना मधाची झाक देते. पारदर्शक साल मात्र काहीच सांगत नाही. माझ्या परसातल्या हिरव्या फळांतला पहिला फरक हाच होता. पारदर्शक सालीचे फळ पिकले की नाही हे डोळ्यांना कळत नाही, बोटांना विचारावे लागते. दाबल्यावर ते किंचित दबते आणि देठाच्या गाठीपाशी सहज सुटते.

हरितद्रव्य न मोडण्याच्या या दोषाचे नाते एका फार प्रसिद्ध प्रयोगाशी आहे. ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाटाण्याच्या पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांची मोजणी दिली आहे: ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे. म्हणजे जवळजवळ तीनास एक. शाळेच्या पुस्तकातून हे प्रमाण आपण सर्वांनी पाठ केलेले असते. त्या हिरव्या दाण्यांत नेमके काय घडते, हे कळायला २००७ साल उजाडले: दाणा पक्व होताना हरितद्रव्य मोडण्याचे काम ज्या जनुकामुळे होते, तो त्यांच्यात निकामी असतो. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, टमाटरातला हिरवा गर हाही त्याच जनुकाच्या टमाटरातल्या भावंडाचा दोष असल्याचे दाखवले गेले. मेंडेलच्या मठातल्या बागेतला हिरवा वाटाणा आणि घुग्घुसच्या परसातले हिरवे भेदरे हे एका अर्थाने एकाच घराण्यातले.

भेदरे हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. पश्चिमेकडे तांबाटे, मराठवाड्यात टंबाटे म्हणतात, तसे आमच्या विदर्भात टमाटर आणि त्याचे जुने घरगुती नाव भेदरं. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ते विशेषतः लहान, आंबट, पातळ सालीच्या गावरान फळासाठी येते. असे भेदरे परसाच्या कुंपणाला, उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवतात आणि कोणी लक्ष दिले नाही तरी फळतात. या लेखात त्यांना पुढे महत्त्वाचे काम आहे.

आई हिरवी असली की

टमाटराचे फूल मुळात स्वतःपुरते जगणारे आहे. त्याचे परागकोश एकमेकांना चिकटून पिवळी नळी करतात आणि कुक्षी त्या नळीच्या आत राहते. वाऱ्याने किंवा भुंग्याच्या गुणगुणण्याने फूल थरथरले की पराग तिथल्या तिथे कुक्षीवर पडतो. म्हणून बहुतेक टमाटरांचे बी आईसारखेच निघते.

पण या नियमाला दोन फटी आहेत. लहान फळांच्या बऱ्याच प्रकारांत कुक्षी नळीच्या तोंडाशी किंवा थोडी बाहेर असते. आणि फार ऊन पडले की एरवी आत राहणारी कुक्षीही लांबून बाहेर डोकावते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाणे ही बातमी राहिलेली नाही. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर राहू लागले आणि रात्रीही गारवा नाहीसा झाला की फुले गळतात. त्याआधीच्या, फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत जी फळे धरतात, त्यांतल्या काहींच्या फुलांनी शेजारचा पराग घेतलेला असू शकतो. काळे मोठे भुंगे आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या फुलाला धरून अंग थरथरवतात आणि पराग झाडून नेतात. साध्या पोळ्यातल्या मधमाशीला ही कला येत नाही.

आता गंमत अशी की हिरव्या पिकणाऱ्या झाडाकडे दोन्ही कारागीर गैरहजर असतात, आणि ही गैरहजेरी अप्रभावी असते. म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाने जरी कारागीर पाठवला, तरी काम होते. म्हणून हिरव्या आईच्या पोरांत जो रंग दिसेल, तो बापाकडून आलेला असतो. हिरव्या झाडाचे बी लावले आणि लाल फळ लागले, तर पराग लाल टमाटराचा. तपकिरी लागले तर काळ्याचा. पिवळे लागले तर पिवळ्याचा. हिरवेच लागले तर बहुधा ते स्वतःचेच, किंवा दुसऱ्या हिरव्याचे. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याला परीक्षा संकर म्हणतात, तो इथे भुंगे फुकट करून देतात.

माझ्या दोन लाल झाडांचा बाप कोण, याचा शोध त्यामुळे सोपा झाला. परसाच्या आसपास लाल रंगाचे होते ते कुंपणावरचे गावरान भेदरे. फळांचा आकार आणि पातळ सालही तिकडेच बोट दाखवत होती. एक शंका उरते: बियांच्या पुडीतच चुकून लाल टमाटराचा एखादा दाणा आला असेल तर? त्याचे उत्तर पुढची पिढी देते. लाल झाडाचे बी लावल्यावर सगळी पोरे लालच निघाली, तर ते बी बाहेरून मिसळलेले. पोरे रंगांत फुटली, तर तो संकर. माझी फुटली. लाल सर्वांत जास्त, मग तपकिरी आणि पिवळी, आणि सर्वांत कमी हिरवी.

सोळात एक

हे फुटणे हिशोबात बसते. दोन स्वतंत्र जनुक असले की दुसऱ्या पिढीत सोळा भाग पडतात: नऊ लाल, तीन तपकिरी, तीन पिवळे, एक हिरवा. प्रत्यक्षात सोळा बिया लावल्या म्हणून एक हिरवा हटकून मिळेल असे नाही. नाणे दोनदा उडवल्यावर एकदा छापा यायलाच हवा असे नसते, तसेच हे. हिशोब केला तर वीस झाडांत किमान एक हिरवे सापडण्याची शक्यता शंभरात ७२ च्या आसपास येते. ती शंभरात ९५ वर न्यायची तर ४७ झाडे लावावी लागतात. आणि हिरवे तर हवेच, शिवाय सालही पारदर्शक हवी, तर संकरात साल पिवळीच प्रभावी असल्यामुळे प्रमाण चौसष्टात एकवर जाते. मग तितक्याच खात्रीसाठी १९१ झाडे लागतात.

परसात १९१ झाडे कोणाकडे मावतात? माझ्याकडे वीस मावतात, तीही काठ्यांना बांधून. म्हणून रोपे वाटली. पोळ्यानंतर रोपे टाकायची, ऑक्टोबरात लावायची, डिसेंबरपासून मार्चपर्यंत फळे पाहायची, असा आमचा हंगाम. कोळशाच्या गावात पानांवर काळी धूळ बसते, ती सकाळी पाणी मारून धुवावी लागते. पांढरी माशी बोकड्या रोग आणते, तेव्हा काही रोपे तशीच जातात. शेजारणींना एकच विनंती होती: लाल, पिवळे काहीही लागले तरी उपटू नका, आणि झाडाला बांधलेली चिंधी सोडू नका. चिंधीवर झाडाचा क्रमांक होता.

रंग हा या गोष्टीतला सोपा भाग आहे, कारण तो एकेका जनुकाने ठरतो. फळाचा आकार, गोडी आणि उन्हात तग धरणे या गोष्टी अनेक जनुकांनी मिळून ठरतात, आणि तिथे सोळात एक असा सरळ हिशोब चालत नाही. मोठ्या आणि लहान फळांचा संकर केला तर पोरे मधोमध येत नाहीत, ती लहानाकडे झुकतात. म्हणून बोराएवढे फळ टिकवणे सोपे असते. मला हवे आहे ते याहून अवघड: हिरवे पिकणारे, आणि कुंपणावरच्या भेदऱ्यासारखे मार्चच्या उन्हातही फळ धरणारे झाड. आणलेला हिरवा प्रकार मार्चमध्ये फुले टाकतो, भेदरे टाकत नाहीत. दोघांचे गुण एका झाडात यायला दुसऱ्या पिढीत हिरवे झाड सापडणे ही सुरुवात आहे. त्यानंतर निवड करत जायचे. स्वतःच्याच परागावर फळणाऱ्या झाडात दर पिढीला मिश्रपणा निम्मा होतो: दुसऱ्या पिढीत निम्मा, तिसऱ्या पिढीत पाव, मग आठवा भाग. सहाव्या-सातव्या पिढीला झाडे जवळजवळ एकसारखी होतात. आमच्याकडे वर्षाला एकच पिढी होते. म्हणजे हे काम पाच-सहा वर्षांचे आहे.

नवी वाणे अशीच होत आली आहेत. अमेरिकेतल्या टॉम वॅग्नर यांना ‘एव्हरग्रीन’ हे हिरवे पिकणारे फळ आवडे, पण ते तडकत असे. न तडकणारे हिरवे फळ हवे म्हणून त्यांनी संकर आणि निवड करत ‘ग्रीन झेब्रा’ हे पट्टेरी वाण तयार केले आणि १९८३ मध्ये लोकांसमोर आणले. ‘ग्रीन डॉक्टर्स’ या हिरव्या चेरी टमाटराचे नाव अ‍ॅमी गोल्डमन आणि कॅरोलिन मेल या दोन डॉक्टरेटधारक लेखिकांवरून पडले. दोघींनीही जुन्या टमाटर-वाणांवर पुस्तके लिहिली आहेत. त्याच हिरव्या वाणातला पारदर्शक सालीचा प्रकार ‘ग्रीन डॉक्टर्स फ्रॉस्टेड’ म्हणून वेगळा ओळखला जातो. मूळ वाणातला एक सालीचा फरक कोणीतरी पाहिला, बी वेगळे ठेवले, आणि त्याला नाव मिळाले.

नांदेडची लोंबी

ज्या वर्षी ‘ग्रीन झेब्रा’ अमेरिकेतल्या बियाणे-यादीत आला, त्याच १९८३ साली चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे आपल्या धानात उभे होते. (मराठवाड्यातले नांदेड वेगळे.) थोडीशी जमीन, प्राथमिक शाळेतच सुटलेले शिक्षण. बांधीत ‘पटेल ३’ हे धान होते. त्यात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या भेसळ म्हणून काढून टाकल्या नाहीत. वेगळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, आणि दर वर्षी त्यांतून निवड करत गेले. दाणा बारीक होता, उतारा चांगला होता आणि भाताला चव होती. नव्वदच्या दशकात हे धान गावाबाहेर पडले. त्या काळी घराघरात पोचलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले आणि तेच रुजले.

धानही टमाटरासारखेच स्वतःच्या परागावर फळणारे पीक आहे. म्हणून निवडीचे गणितही तेच. वेगळी लोंबी दिसण्याचे मार्गही तेच दोन: जनुकात अचानक झालेला बदल, किंवा कुठून तरी आलेला पराग. फरक फक्त मोजणीचा. टमाटराचे एक झाड रंगाने ओरडून सांगते की मी वेगळा आहे. हजारो लोंब्यांत दाण्याची छटा टिपायला फार सवयीचे डोळे लागतात. रोवणी, निंदण, कापणी यांत रोज बांधीत असणाऱ्या माणसाचेच ते डोळे असतात.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये या धानाचे बी नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. आपण शुद्धीकरण करून वाण तयार केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. वाण मुळात आपले, असे दादाजींचे. या वादातला ‘शुद्धीकरण’ हा शब्द वर सांगितलेल्या हिशोबाने समजून घेता येतो. शुद्धीकरण म्हणजे उरलेला मिश्रपणा काढून झाडे एकसारखी करणे. ते मोलाचे काम आहे, आणि त्याला शेत, मजूर आणि चोख नोंदवह्या लागतात. पण ज्यातून शुद्ध करायचे, ती तीन लोंबी आधी कोणीतरी ओळखावी लागतात. पहिली निवड झाली नसती तर शुद्ध करायला काहीच नव्हते. वाणाच्या नावात विद्यापीठ राहिले, घड्याळ राहिले, शेतकरी राहिला नाही. दादाजींनी पुढेही ‘नांदेड ९२’, ‘नांदेड हिरा’, ‘डीआरके’ अशी वाणे काढली. २००५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांनी गावरान बियाणे आहे तसे जपले. दादाजींनी त्यातले वेगळे निघालेले निवडले. दोन्ही कामे एकमेकांना धरून आहेत. कुंपणावरचे भेदरे कोणी जपले नसते, तर माझ्या हिरव्या झाडाला उन्हात टिकणारा बाप मिळाला नसता. आणि रोपवाटिकेतून येणाऱ्या संकरित रोपांनी ते कुंपणही आता बरेच रिकामे केले आहे. संकरित वाण वाईट असते असे नाही, त्यावर बाजार चालतो. पण त्याचे बी धरले तर ते फुटते, म्हणून शेतकरी दर वर्षी नवे घेतो, आणि बी धरण्याची सवयच जाते. सवय गेली की वेगळी लोंबी दिसली तरी ती कुठे ठेवायची हे हाताला ठाऊक राहत नाही.

वही

२००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. दुसऱ्याच्या नोंदणीकृत वाणाचे बी छापील नावाच्या पुडीत घालून विकता येत नाही, एवढीच अट. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणीही करता येते. तिथे प्रश्न विचारले जातात ते असे: हे वाण इतरांपासून वेगळे कशात, झाडे एकसारखी आहेत का, आणि पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहतात का. या प्रश्नांना तोंडी उत्तर चालत नाही. मोजणी लागते, तारखा लागतात.

म्हणून वहीचे महत्त्व. ती कशी ठेवायची हे सांगून थांबतो. ज्या झाडाचे बी धरायचे, त्याच्या एका घोसावर फुले उमलण्यापूर्वी पातळ कापडाची पिशवी बांधायची. फळे धरली की पिशवी काढून घोसाला दोरा बांधायचा. त्या घोसात बाहेरचा पराग आलेला नसतो. फळ पूर्ण मऊ झाल्यावर गर पेल्यात पिळायचा, दोन-तीन दिवस आंबू द्यायचा, मग धुवायचा. चांगले बी तळाशी बसते. ते ताटलीत सावलीत वाळवायचे, कागदावर नको, चिकटते. पूर्वी ते राखेत घोळून ठेवत, तेही चालते. पुडीवर पाच गोष्टी लिहायच्या: वर्ष, आईचा क्रमांक, फळाचा रंग, सालीचा रंग, शेवटचे फळ कोणत्या तारखेला धरले. या पाचव्या नोंदीतूनच ऊन सोसणारे झाड ओळखू येते. सगळे बी एकाच वर्षी पेरायचे नाही. निम्मे ठेवायचे, म्हणजे पीक गेले तरी पिढी जात नाही. आणि ज्या झाडाला भलताच रंग आला, त्याची पुडी वेगळी करायची.

यंदा माझ्याकडे त्या लाल झाडाच्या नातवंडांतली तीन हिरवी झाडे आहेत. तिघांच्या तीन पुड्या होतील. मार्चमध्ये कोणते झाड शेवटपर्यंत फळ धरते ते पाहून पुढच्या पोळ्याला त्याचे बी जास्त टाकायचे, आणि उरलेल्या दोघांचेही थोडे.